दाढेतली चांदी

लग्नाच्या पंगतीत कुणी मोठ्यानं हसलं की माझी नजर आधी त्याच्या दाढांकडे जाते. सवय वाईट, पण माणसाचं वय ताडायला याहून बिनचूक जागा मला अजून सापडलेली नाही. केसांचा रंग डायवर ठरतो, चेहऱ्याचा पार्लरमध्ये, आणि जन्मतारखेचं तर बोलायलाच नको; आपल्याकडे एक अख्खी पिढी शाळेच्या हेडमास्तरांच्या कृपेनं १ जूनलाच जन्मली. दाढा मात्र खरं बोलतात. खालच्या दाढेत काळपट करडा ठिपका दिसला, की समजायचं, किडलेल्या दाढेत चांदी भरत असत त्या काळातली ही असामी आहे. विशीतल्या पोरापोरींनी कितीही आ वासून हसावं, त्यांच्या तोंडात असलं काही सापडत नाही. कीड त्यांनाही लागते, दाढा त्यांच्याही भरल्या जातात. पण भरलेली कुठली आणि धड कुठली हे आता डॉक्टरांनाही उजेड पाडून, निरखून पाहावं लागतं.

माझ्या तोंडात अशी चांदी आहे. वर डावीकडची त्यामानानं नवी; खाली उजवीकडची जुनी होती, ती आता निघाली. सोन्याचा भाव रोज सकाळी मोठ्यानं वाचून दाखवणारे नातेवाईक आमच्याकडे पुष्कळ, पण या ठेवीची चौकशी कुणी कधी केली नाही. दिवाळीतले कडक बुंदीचे लाडू, संक्रांतीची गुळाची वडी, लोणावळ्याची चिक्की, पावसाळ्यातलं भाजकं कणीस, हे सगळं तिनं निमूट सोसलं. आता बातमी अशी की, जगातूनच ही चांदी जायची आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये देशोदेशींचे प्रतिनिधी जिनिव्हाला जमले आणि २०३४ पर्यंत तिचा वापर थांबवायचं त्यांनी ठरवलं. माझ्या दाढेत काय भरावं यावर पुढेमागे जिनिव्हात खल होणार आहे, असं लहानपणी कुणी सांगितलं असतं, तर रात्री ब्रश करण्याचा कंटाळा मी जरा बेतानं केला असता.

आम्ही चांदी म्हणत असू; डॉक्टर अमालगम म्हणत. वजनानं निम्मा पारा. उरलेल्या निम्म्यात चांदीचा वाटा मोठा, मग कथील, तांबं आणि कधी चिमूटभर जस्त. पाऱ्याचा स्वभाव असा, की तो दुसऱ्या धातूला आपल्यात मुरवून घेतो. चांदी-कथलाची भुकटी पाऱ्यात घोटली की मऊ लगदा होतो, काही मिनिटं हवा तसा दाबता-कोरता येतो, मग आवळत जातो आणि दिवसभरात इतका कठीण होतो की त्यावर सुपारी फोडावी. (हा प्रयोग आपापल्या डॉक्टरांना विचारून करावा.) भट्टी नाही, मूस नाही, फुंकणी नाही. माणसाच्या तोंडात, सदतीस अंशांच्या उबेत, धातूकाम करायचं म्हणजे खायचं काम नव्हे.

पाऱ्याची ही खोड आपल्याकडे फार पूर्वीपासून ठाऊक. रसशास्त्रवाल्यांनी पारा बांधण्याच्या खटपटीत हयाती घालवल्या. शुद्ध पारा उणे ३९ अंशांपर्यंत गोठत नाही, म्हणजे त्र्यंबकेश्वरच्या थंडीचं त्याच्यापुढे काही चालत नाही; तरी तीर्थक्षेत्रांच्या दुकानांत घट्ट, वजनदार पारद शिवलिंगं मांडलेली असतात. ती घट्ट राहतात ती पाऱ्यात दुसरा धातू मिसळलेला असतो म्हणून. जुन्या आरशांच्या पाठीला कथील आणि पाऱ्याचाच थर असे. मूर्तीवर मुलामा चढवणारे कारागीरही सोनं पाऱ्यात कालवून लावत आणि मग आचेवर पारा उडवून देत. थोडक्यात, जे देव्हाऱ्यात पूजेला बसतं त्याचाच चुलतभाऊ माझ्या दाढेत बसलेला आहे, आणि त्यालाही रोज वरणभाताचा नैवेद्य मिळतो.

आमच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना एका वाड्याच्या माडीवर होता. जिन्याच्या पहिल्या पायरीवरच लवंगतेलाचा वास नाकात शिरायचा. घरी आजीनं दुखऱ्या दाढेखाली लवंग धरायला लावलेलीच असायची. तीच लवंग इथे कापसाच्या बोळ्यावर पैसे देऊन मिळते, याबद्दल आजीचा कायमचा आक्षेप होता. तिच्या मते दाढेत किडा असतो, रिंगणीच्या बियांची धुरी दिली की तो पडतो, आणि पडताना तिनं स्वतः पाहिलाय. दातात असा किडा काही सापडत नाही, असं पॅरिसच्या पिअर फोशार यांनी १७२८ मध्येच आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं. पण फोशारांची आमच्या आजीशी गाठ पडलेली नव्हती.

कोरायचं यंत्र दोरीवर चालायचं. खुर्चीशेजारी एक लोखंडी हात, त्याला जागोजाग सांधे, सांध्यांवर कप्प्या आणि कप्प्यांवरून गरगर फिरणारी दोरी. दोरीला एक जोड असायचा. डॉक्टरांनी पायाखालचं बटण दाबलं की तो जोड नाकासमोरून पळायला लागायचा, आणि मी त्याच्या फेऱ्या मोजत बसायचो. दात बधिर करण्याचं इंजेक्शन तेव्हाही होतं. पण नुसती दाढ भरायची तर ते मागणं बाणेदारपणात बसत नसे. ‘दुखलं तर हात वर कर हं,’ डॉक्टर म्हणायचे. हात वर केला की म्हणायचे, ‘झालंच.’

तेवढ्यात कोपऱ्यात कंपाउंडरकाका कामाला लागलेले असत. खरबरीत बुडाचा, काचेचा लहानसा खल. त्यात भुकटी, तिच्यावर बाटलीतून पाऱ्याचे थेंब. बत्त्याची घरघर सुरू झाली की समजायचं, कोरणं संपत आलं. लगदा चकाकायला लागला की काका तो फडक्याच्या तुकड्यात घेऊन पीळ देत, श्रीखंडाचा चक्का पिळावा तसा, आणि फडक्यातून पाऱ्याचे टपोरे मणी टपकत. मग उरलेला गोळा तळहातावर अंगठ्यानं मळायचा. उघड्या तळहातावर! हातमोजे ही चीज तेव्हा मोटरसायकलवाल्यांची.

त्या मण्यांवर आम्हा पोरांचा डोळा असे. काका खुशीत असले तर एखादा मणी औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून देत. घरी आणून तो कागदावर पळवायचा, फोडून दहा करायचे, परत जुळवून एक करायचा. तांब्याच्या पैशावर चोळला की पैसा चांदीचा व्हायचा, आणि थोड्या दिवसांत पुन्हा कळाहीन. आता घरात थर्मामीटर फुटला तर खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा म्हणतात. आम्ही त्या पाऱ्यासाठी मारामाऱ्या केल्या.

पुढचं काम डॉक्टरांचं, आणि ते बघण्यासारखं. दाढेची एक बाजू ढासळलेली असली तर तिच्याभोवती पातळ पोलादी पट्टी आवळायची. तेवढ्यापुरती भिंत झाली. मग लगद्याचे छोटे छोटे घास आत टाकून बोथट टोकाच्या दांडीनं ठासायचे. डॉक्टर तसे किरकोळ अंगाचे, पण त्या घटकेला त्यांचा सगळा भार माझ्या जबड्यावर. ठासताना जादा पारा वर येतो, तो काढून टाकायचा. नीट ठासलं नाही तर आत पोकळी राहते आणि पेशंट लवकरच पुन्हा जिना चढतो. पोकळी मुद्दाम ठेवत असतील, असं आमच्या वडिलांचं मत होतं. त्यांनी ते माडीवर मात्र कधी बोलून दाखवलं नाही. ठासून झालं की कोरणी. दाढेच्या माथ्यावर उंचवटे असतात, उंचवट्यांमध्ये खाचा असतात. लगदा आवळायच्या आत त्या सगळ्या परत उठवायच्या. कोरताना बारीक चिरचिर ऐकू आली म्हणजे माल जमला. शेवटी निळा कार्बन दातांत धरायचा. ‘चाव. हळू. आता घास.’ जिथे निळा ठसा गडद उमटला तिथे उंच राहिलंय, ते तासायचं. ‘आज या बाजूनं चावायचं नाही आणि उद्या पॉलिशला यायचं.’

पॉलिशला कुणी जात नसे. दुखायची थांबलेली दाढ घेऊन आपणहून दातांच्या डॉक्टरांचा जिना चढणारा माणूस महाराष्ट्रात जन्मला असेलच, तर त्याचा नागरी सत्कार व्हायला हवा. आमच्या पिढीच्या चांद्या इतक्या काळ्या का, याचं निम्मं उत्तर त्या न केलेल्या पॉलिशात आहे.

हा लगदा सगळ्यांनी बिनबोभाट स्वीकारला असं मात्र नाही. त्याच्यावरून झालेली भांडणं साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदालाही मागे टाकतील. चीनमध्ये तांग राजवटीतल्या इ.स. ६५९ च्या औषधग्रंथात चांदी, कथील आणि पारा यांच्या लगद्याचा उल्लेख सापडतो. युरोपात त्याला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. पॅरिसमध्ये ओग्युस्त ताव्हो यांनी १८२६ च्या सुमारास चांदीच्या नाण्यांचा कानशीनं कीस पाडला, तो पाऱ्यात कालवला आणि दातांत भरला. रोख रक्कम तोंडात ठेवायची ही बहुधा पहिलीच सोय. अडचण एकच: हा लगदा घट्ट होताना फुगायचा, आणि दाताला तडा जायची पाळी यायची.

१८३३ मध्ये क्रॉकूर नावाचे बंधू न्यूयॉर्कला उतरले. दंतवैद्यकाचा त्यांचा अभ्यास जेमतेम, पण धंद्याची जाण उत्तम. मालाला नाव दिलं ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’. सोन्याच्या तोडीचं राजेशाही खनिज, असा थाट. तोवर अमेरिकेतले नामांकित दंतवैद्य सोन्याचा पातळ वर्ख थरावर थर ठोकून दात भरत. त्याला वेळ लागे, पैसा लागे आणि पेशंटला घाम फुटे. क्रॉकूर बंधू कीड काढायच्या भानगडीतच पडत नसत. कोरणं नाही, ठोकणं नाही. लगदा घ्यायचा, भोकात दाबायचा, पैसे मोजून घ्यायचे. न दुखवणारा डॉक्टर भेटल्यावर गिऱ्हाईक त्याच्या पदव्या कशाला तपासतंय? न्यूयॉर्कची बडी मंडळी रांगा लावून आली. आत राहिलेल्या किडीनं यथावकाश आपलं काम केलं, पण तोवर बंधूंनी गाशा गुंडाळला होता.

सोनं ठोकणाऱ्या मंडळींचा पारा चढला. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्सनं थोड्याच वर्षांत फतवा काढला: अमालगम वापरणार नाही अशी प्रत्येक सभासदानं लेखी शपथ घ्यावी, न घेणाऱ्याला बाहेरचा रस्ता. काहींनी सह्या केल्या, काहींना काढलं. पण पेशंट स्वस्तातली चांदीच मागत होते. १८५० मध्ये शपथ मागे घ्यावी लागली आणि १८५६ मध्ये संस्थाच मोडली. दंतवैद्यकाच्या इतिहासात याला अमालगमचं युद्ध म्हणतात. त्यात पाऱ्याची भीती किती आणि बुडणाऱ्या धंद्याची काळजी किती, हे मला वाटतं त्या सभासदांनाही छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

भांडण निवलं ते इलिनॉयच्या ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक नावाच्या दाढीवाल्या गृहस्थांमुळे. शाळेत फारसे न रमलेले हे गृहस्थ मोजमापाचे वेडे होते. घट्ट होताना अमालगम किती फुगतं, किती आकसतं, ते त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं. माणूस किती जोरानं चावतो ते मोजायलाही यंत्र केलं. १८९० च्या दशकात त्यांनी धातूंचं जे प्रमाण बसवलं, ते पुढे साठ-सत्तर वर्षं थोड्याफार फरकानं जगभर चाललं. १९६० च्या दशकात तांबं वाढवलं, तो त्यानंतरचा मोठा बदल. दाढेत खड्डा कसा घ्यायचा याचीही शिस्त ब्लॅकसाहेबांचीच. अमालगम दाताला चिकटत नाही, ते अडकून राहतं. म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद, बुडाशी रुंद, बूड सपाट. आणि त्यापायी थोडी धड दाढही कोरायची. दंतवैद्यकाच्या कॉलेजांत पोरं पहिली दोन वर्षं प्लॅस्टरच्या नि प्लॅस्टिकच्या दाढांवर हे खड्डे घोटतात आणि मिलिमीटरभर चुकलं की सरांची बोलणी खातात.

या मालाचा एक गुण मला स्वतःला फार आवडायचा. चॉकलेटवरच्या चमकीच्या कागदाचा कपटा चुकून चांदीच्या दाढेखाली आला की मस्तकापर्यंत झिणझिण्या जायच्या. एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला अमालगम आणि मध्ये खारट थुंकी. वीज तयार व्हायला आणखी काय लागतं? लोडशेडिंगच्या ऐन दिवसांत आमच्या घरात वीज होती ती एवढीच.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी मावशीचा फोन आला. तिच्या व्हॉट्सॲपवर काहीतरी आलं होतं.

‘अरे, तुझ्या तोंडात पारा आहे म्हणे!’

‘आहे. तुझ्याही आहे.’

‘माझ्या कुठला? मला डॉक्टरांनी चांदी भरलीय. चांगले पैसे घेतले होते मेल्यानं.’

‘त्या चांदीतच असतो मावशी. निम्मा.’

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तरीच हल्ली मला नावं आठवत नाहीत.’

मावशी ऐंशीच्या पुढे आहे, आणि चाळीतल्या भिशीत कुणी किती रुपये बुडवले ते तिला आजही नावानिशीवार, आडनावासकट आठवतं.

पण तिची शंका अगदीच वेडगळ नव्हती. आल्फ्रेड स्टॉक हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पाऱ्याच्या वाफेत वावरून डोकेदुखीनं आणि विसराळूपणानं बेजार झाले होते. कारण उमगल्यावर १९२६ मध्ये त्यांनी लेख लिहून लोकांना सावध केलं, आणि दाढेतल्या अमालगमकडेही बोट दाखवलं. तो वाद अजून मिटलेला नाही. चावताना, दात घासताना अमालगममधून पाऱ्याची वाफ निघते हे खरं. ती फार थोडी असते हेही खरं. २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, एक अमेरिकेतल्या ५३४ मुलांवरची, दुसरी लिस्बनच्या कासा पिया संस्थेतल्या ५०७ मुलांवरची. निम्म्या मुलांच्या दाढांत अमालगम, निम्म्यांच्या दाढांत दुसरं काही. काही वर्षं त्यांची बुद्धी, स्मरणशक्ती, हातांचं चापल्य तपासत राहिले. दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. तरीही सावधगिरी म्हणून लहान मुलं, गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्या दातांत अमालगम भरू नये असं ठरलं आहे. यातल्या एकाही गटात तू बसत नाहीस, असं मी मावशीला समजावलं. तिला ते फारसं रुचलं नाही.

घोळ खरा आहे तो तोंडाबाहेर. जपानमधल्या मिनामातात कारखान्यानं समुद्रात सोडलेला पारा माशांत उतरला आणि माशांतून माणसांत. १९५६ मध्ये तो आजार उघडकीला आला. त्याच गावाच्या नावानं २०१३ मध्ये पाऱ्याला आवर घालणारा करार झाला, २०१७ मध्ये लागू झाला, २०१८ मध्ये भारतानंही त्याला मंजुरी दिली. आपल्याला हा धडा परका नाही. कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला तो पाऱ्याच्या कचऱ्यापायीच. दवाखान्यात कोरून काढलेला चुरा बेसिनमधून गटारात गेला, गटारातून नदीत गेला, की पुढे त्यातला पारा कोणत्या रूपानं कुणाच्या ताटात येईल याचा नेम नाही. दुसरी वाट आणखी विचित्र. पारा ३५७ अंशांना उकळतो, चितेची धग त्याच्या कितीतरी पुढची. ब्रिटनमध्ये दहनगृहांच्या धुराड्यांना पारा पकडणारी यंत्रं बसवावी लागली आहेत. आपल्याकडे शेवटच्या घटकेला तोंडात गंगाजल, तुळशीपत्र आणि सोन्याचा कण घालतात. सोन्याचा कण राखेत राहतो. दाढेतला पारा मात्र धुराबरोबर केव्हाच वर निघून गेलेला असतो, माणसाच्याही आधी.

तेव्हा चांदी गेली तर रडण्याचं कारण नाही. स्वीडननं २००९ मध्ये ती बंद केली, युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून. तिच्या जागी आता राळेपासून केलेलं कॉम्पोझिट आलं आहे. दाताच्या कवचावर आम्ल लावून ते खरबरीत केलं की राळ त्याला घट्ट धरून बसते, हे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलं, आणि धड दाढ कोरायची गरजच पुष्कळ कमी झाली. हा मोठा फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण या नव्या पाहुण्याचा मानपान फार. थुंकीचा थेंब चालत नाही, रक्ताचा चालत नाही, एकदम सगळं भरलेलं चालत नाही. एक पातळ थर, त्यावर निळा उजेड, मग दुसरा थर, पुन्हा उजेड. चांदी थोड्याशा ओलाव्यातही बसायची, आणि आ करून कंटाळलेल्या पोराच्या तोंडातही बसायची. सरकारी दवाखान्यात दारात शंभर माणसं उभी असताना या फरकाला किंमत असते.

माझी खालची चांदी मोडली नाही. तिच्याशेजारची दाढेची भिंत खचली. चांदी होती तिथेच होती. नव्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाई आरसा फिरवून म्हणाल्या, ‘काका, हे जुनं काम फार सुंदर आहे हो. कोरीव काम बघा ना. कोणी केलंय?’ मी आ वासलेला होतो, नाहीतर कंपाउंडरकाकांचंही नाव सांगितलं असतं. मग त्यांनी दातांच्या रंगांची पट्टी काढली. सोळा छटा, प्रत्येकीला अक्षर आणि आकडा. एकेक नमुना दाढेशेजारी धरत शेवटी त्यांनी मदतनीस मुलीला सांगितलं, ‘ए-साडेतीन घे गं.’ पेशवाईत साडेतीन शहाणे होते, वर्षात साडेतीन मुहूर्त असतात, महाराष्ट्रात साडेतीन शक्तिपीठं आहेत. आता त्या यादीत माझी दाढ. ए-साडेतीन म्हणजे काय ते मी नंतर विचारलं. ‘थोडा पिवळट शेड हो. चहा जास्त होतो का?’

काम झाल्यावर आरशात पाहिलं तर तिथे काही घडल्याचा पुरावाच नव्हता. हे चांगलं असेल, पण मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. चांदीनं कधी दाढ असल्याची बतावणी केली नाही. इथे कीड होती, खड्डा होता, तो कुणीतरी मेहनतीनं बुजवला, हे तिनं तीसेक वर्षं उघडपणे सांगितलं. दुरुस्ती दिसली तर त्यात लाज कसली, हे मला पटत नाही. पाऱ्यासाठी तिला निरोप द्या, दिसते म्हणून नको.

एक गोष्ट मात्र त्या बाईंनी मुद्दाम दाखवली. चांदी काढताना त्यांनी पाण्याची धार आणि ओढणी नळी सतत चालू ठेवली होती, आणि निघालेले तुकडे घट्ट झाकणाच्या बरणीत टाकले होते. बरणी अर्धी भरलेली होती. गावातल्या कितीतरी दिवाळ्या तिच्यात जमल्या असतील.

म्हणून तुमच्या दाढेत जुनी चांदी असेल, ती दुखत नसेल आणि तिच्या कडा सुटल्या नसतील, तर कुणाच्या फॉरवर्डवरून घाबरून ती उकरून घेऊ नका. खरवडतानाच सगळ्यात जास्त वाफ निघते. काढायचीच वेळ आली, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, की चुरा कुठे जातो. त्यांनी बेसिनकडे बोट दाखवलं, तर दुसरा दवाखाना शोधा.